डबा कोणाचा, कॅन्टीन कोणाचे?

जुलै २०१८मध्ये 'वीवर्क' या अमेरिकी कंपनीने आपल्या सुमारे ६,००० कर्मचाऱ्यांना कळवले की, यापुढे कंपनीच्या कार्यक्रमांत मांस वाढले जाणार नाही आणि मांसाहारी जेवणाचे बिलही मंजूर होणार नाही. कारण पर्यावरणाचे दिले होते. मासे चालणार होते. घरून आणलेल्या जेवणावर बंदी नव्हती. त्याआधी चार वर्षे, २०१४मध्ये, चेन्नईच्या 'द हिंदू' या दैनिकात एक परिपत्रक निघाले होते. कॅन्टीनमध्ये मांसाहारी पदार्थ आणू नयेत, बहुसंख्य शाकाहारी कर्मचाऱ्यांची त्यामुळे गैरसोय होते, असा त्याचा आशय होता. वरवर पाहता दोन्ही निर्णय सारखेच. पण एकात मालक स्वतःचा खर्च आवरतो, तर दुसऱ्यात कामगाराचा डबा तपासतो. मालकाने मांसविरहित धोरण स्वीकारावे का, या प्रश्नाचे उत्तर मला या फरकात दिसते आणि त्याची मुळे जुनी आहेत.

मुंबईच्या गिरण्यांत कामगाराच्या जेवणाशी मालकाचा फारसा संबंध नव्हता. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले पुरुष खानावळीत जेवत. बहुतेक खानावळी बायका आपल्या खोलीतच चालवत आणि पैसे पगार झाल्यावर मिळत. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने याच बायकांचे 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभे राहिले. खानावळवाली आणि खाणारा बहुधा एकाच मुलखाचे असत, त्यामुळे ताटात काय असावे हा वाद तिथे उद्भवत नसे.

गिरणीच्या फाटकाच्या आत मात्र विटाळाचे राज्य होते. पाण्याची भांडी वेगळी असत. विणकाम खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतर कामगार त्याला हरकत घेत. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. आपल्याकडे कामाच्या जागी 'दुसऱ्याला त्रास होतो' या शब्दांना हा इतिहास चिकटलेला आहे. तो विसरून २०१४चे परिपत्रक वाचता येत नाही.

कारखान्यातील कॅन्टीन ही कायद्याची बाब झाली ती युद्धकाळात. १९४०मध्ये ब्रिटनचे कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या काळात, २५०हून अधिक कामगार असलेल्या युद्धसामग्रीच्या कारखान्यांना कॅन्टीन काढण्याचा आदेश देण्याची सोय झाली. मांसावर रेशन होते. तरी जड काम करणाऱ्यांच्या कॅन्टीनला मांसाचा वाटा जास्त मिळे. तिथे मांस हा श्रमाचा हक्क मानला गेला.

आपल्या १९४८च्या कारखाने अधिनियमातही २५० हाच आकडा होता. त्याच्या कलम ४६नुसार राज्य सरकार अशा कारखान्यांना कॅन्टीन सक्तीचे करू शकत असे, तिथले पदार्थ व दर यांचे नियम करू शकत असे आणि कॅन्टीनच्या व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी घ्यायला लावू शकत असे. पुढचे कलम ४७ आणखी बोलके होते. १५०हून अधिक कामगार असतील, तर त्यांना स्वतः आणलेले जेवण खाता येईल अशी पाण्याची सोय असलेली खोली त्यानुसार आवश्यक होती. म्हणजे कॅन्टीनचे अन्न आणि घरचा डबा या दोन गोष्टी कायद्याने तेव्हाच वेगळ्या धरल्या होत्या.

पर्यावरणाचा मुद्दा खोटा नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या भोजनसेवेने २०१६पासून गोमांस आणि मेंढीचे मांस बंद केले. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार खरेदी केलेल्या प्रत्येक किलो अन्नामागे कार्बन उत्सर्जन ३३ टक्क्यांनी घटले. कोंबडी आणि मासे मात्र चालूच राहिले. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात मिथेन तयार होतो, म्हणून कात्री तिथेच लावली. सोवळ्याचा नियम असा हिशेब करत नाही. त्याला अंडेही चालत नाही.

मग मालकाने काय करावे? स्वतःच्या पैशाने होणाऱ्या मेजवानीत मांस नको, असे त्याने खुशाल ठरवावे. कॅन्टीनची यादी बदलायची असेल, तर ती कामगारांच्या प्रतिनिधींसह ठरवावी, कारण तिथले स्वस्त ताट हा अनेकांचा दिवसाचा मुख्य आहार असतो. अंडे किंवा मासळी काढली, तर त्या जागी तितकेच पोषक काही द्यावे लागेल. डब्याला मात्र त्याने हात लावू नये. देशातील सुमारे ७० टक्के प्रौढ मांसाहार करतात, असे २०१४च्या सरकारी पाहणीत दिसले. अशा देशात सुकटीच्या वासावरून डबा बंद करायला लावणे हे पर्यावरणाचे धोरण होत नाही. फाटकाच्या आतली वेगळी भांडी जिथून आली, तिथूनच तेही येते.