बीटा पेशीच्या पटलावर

१९८४. गाव सिअ‍ॅटल. बाहेर तिथला नेहमीचा बारीक पाऊस आहे आणि तुम्ही वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत श्वास रोखून उभे आहात. टेबलाला हात लावू नका. नुसता धक्का लागला तरी सकाळपासूनचं काम वाया जाईल.

सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या स्वादुपिंडातली एक बीटा पेशी आहे. इन्सुलिन बनवणारी, साठवणारी आणि वेळ आली की सोडणारी पेशी ती हीच. एक काचेची नळी, टोकाशी जेमतेम एक मायक्रॉन रुंद, पेशीच्या पटलाला टेकते. हळूच हवा ओढली की पटल काचेला घट्ट चिकटतं. मग नळी झटक्यात मागे घ्यायची. पटलाचा इवलासा तुकडा टोकावरच राहतो, आणि त्याची आतली बाजू आता बाहेरच्या द्रवाकडे असते.

पडद्याकडे बघा. सरळ चाललेली रेघ अचानक एक पायरी उतरते, थोडा वेळ तिथे थांबते आणि पुन्हा वर येते. ही प्रत्येक पायरी म्हणजे पटलातलं एक चॅनेल, प्रथिनाचा एकच रेणू, उघडला, त्यातून पोटॅशियम वाहिलं आणि तो मिटला. प्रवाह मोजायचा पिकोअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या एक लाख कोटीव्या भागात. एकट्या रेणूची उघडझाप तुम्ही उघड्या डोळ्यांनी बघताय. मला तरी याहून मोठी चैन ठाऊक नाही.

आता द्रवात एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जाचलन, मिसळतात. पायऱ्या थांबतात, रेघ सपाट होते. एटीपी धुऊन टाकलं की पायऱ्या परत सुरू. डॅनिएल कुक आणि ब्रिटनचे निकोलस हेल्स हा निष्कर्ष त्याच सप्टेंबरात ‘नेचर’मध्ये छापतील. दोन महिन्यांत ऑक्सफर्डहून फ्रान्सिस अ‍ॅशक्रॉफ्ट आणि सहकारी दाखवतील की अखंड पेशीला ग्लुकोज दिलं तरी असंच चॅनेल मिटतं.

एवढ्याने काय झालं? तुकडा सोडा, अख्ख्या पेशीत उतरा. पुरणपोळी असो की डोनट, पेशीपर्यंत पोचतं ते ग्लुकोजच. ते आत येतं, जळतं, आणि एटीपी वाढतं. इतका वेळ पोटॅशियम बाहेर झिरपत असल्याने पेशीची आतली बाजू सुमारे उणे सत्तर मिलिव्होल्टवर निवांत होती. चॅनेल मिटली की हे झिरपणं थांबतं आणि व्होल्टेज वर सरकू लागतं. एका टप्प्याला कॅल्शियमची चॅनेल उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि इन्सुलिनने भरलेल्या पुटिका पटलाला भिडून रिकाम्या होतात. साखर किती आहे हे पेशी बाहेर पाहून ठरवत नाही. ती साखर जाळते आणि स्वतःच्या जळणावरून ओळखते.

पण सिअ‍ॅटलच्या त्या आकड्यांत एक अडचण होती. तुकड्यावरची चॅनेल अगदी थोड्या एटीपीनेच मिटत होती आणि जिवंत पेशीत तर उपाशीपोटीसुद्धा एटीपी त्याच्या शेकडो पट असतं. मग ती कायमच मिटलेली हवीत! उत्तर असं निघालं की जवळजवळ सगळी खरोखरच मिटलेली असतात. सारा कारभार उरलेल्या मूठभर चॅनेलवर चालतो. त्यात एटीपी खर्चून उरणारं एडीपी उलट्या दिशेने ओढतं, चॅनेल उघडी ठेवायला बघतं. निर्णय होतो तो दोघांच्या रस्सीखेचीत.

गंमत म्हणजे त्याच १९८४ च्या मे महिन्यात अमेरिकेने ग्लायब्युराइड या मधुमेहावरच्या गोळीला परवानगी दिली. आपल्याकडे ती ग्लिबेनक्लामाइड, म्हणजे घरोघरच्या आजोबांची डाओनिल. हे घराणं जुनं. १९४२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिएला टायफॉइडवर एक सल्फा औषध देताना रुग्णांची साखर धोकादायक घसरली, तिथून ते सुरू झालं. गोळी चालते हे सगळ्यांना माहीत होतं. नेमकी कुठे चालते, हे चार दशकं नीट कळलं नव्हतं. १९८५ मध्ये कुक आणि हेल्स यांच्याच गटाने सांगितलं: याच चॅनेलवर, त्याला मिटवून.

चला ह्यूस्टनला, १९९५. बेलर वैद्यकीय महाविद्यालयात लिडिया अ‍ॅग्विलार-ब्रायन आणि जोसेफ ब्रायन यांनी किरणोत्सारी आयोडीन जोडलेल्या त्याच औषधाला गळ बनवून ते ज्याला चिकटतं ते प्रथिन, सर१, पकडलंय. त्याच वर्षी जपानच्या सुसुमु सेइनो यांच्या गटाबरोबर चॅनेलचा दुसरा भाग सापडतो, केआयआर६.२. एकट्याने दोन्ही मुके. एकत्र आले की प्रवाह दिसतो. प्रत्येकाचे चार, मिळून आठ भागांचं एक चॅनेल. दोघांची जनुकंही अकराव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी!

आणि आता शिकागो, २००६. विद्यापीठाच्या रुग्णालयात सहा वर्षांची एक मुलगी आहे. तान्ही असल्यापासून इन्सुलिनवर. सगळ्यांनी तो टाइप-१ मधुमेह धरलेला. पण तिचं स्वादुपिंड इन्सुलिन बनवत होतं, फक्त सोडत नव्हतं. केआयआर६.२ मधल्या जनुकीय बदलामुळे चॅनेल एटीपीला दाद देत नव्हतं. दोनच वर्षांपूर्वी एक्सेटरच्या अँड्र्यू हॅटर्स्ली यांच्या गटाने नवजात मधुमेहाचं हे कारण शोधलं होतं. एटीपीला न ऐकणारं चॅनेल गोळीला मात्र ऐकतं, कारण ती सर१ वर दुसऱ्याच जागी बसते. लुई फिलिप्सन आणि ग्रॅम बेल यांच्या चमूने तिला ग्लायब्युराइड सुरू केलं आणि इन्सुलिन कमी करत नेऊन शेवटी बंद केलं. वजनाच्या हिशेबात या मुलांना डोस मोठ्या माणसांहून बराच जास्त लागतो, हेही तेव्हाच उमगत होतं.

त्याच वर्षी हॅटर्स्ली यांच्या गटाने अशा ४९ रुग्णांची नोंद छापली. ४४ जणांचं इन्सुलिन सुटलं होतं. सगळ्यांनाच लाभ होत नाही: काही बदल इतके तीव्र असतात की गोळीही पुरत नाही, आणि हेच चॅनेल मेंदूतही असल्याने काही मुलांची वाढ मागे पडते. म्हणून आज सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मधुमेह निघाला तर आधी जनुकचाचणीला रक्त पाठवा, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशन सांगते. औंध असो वा ऑरोरा, तशा बाळाला ‘टाइप-१ असेल’ म्हणून घरी पाठवायचं नाही.