कळलावीतलं द्रव्य आणि यकृताचे वण



पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांची कळलावी तुम्ही पाहिली असेल. तिचा कंद विषारी, हे आपल्याला थोरल्यांनी बजावलेलं आहे. त्या विषाचं नाव कोल्चिसीन. युरोपात ते कोल्चिकम नावाच्या दुसऱ्या फुलझाडातून मिळालं. १८२० साली फ्रान्समध्ये ते वेगळं काढलं गेलं. गाऊट या सांधेदुखीवर डॉक्टर ते आजही अगदी मोजून देतात.

पुढे याच द्रव्यावर यकृताच्या रुग्णांची आशा बसली.

दारूनं किंवा जुनाट काविळीनं यकृत वर्षानुवर्षं दुखावलं, की त्यात वण धरतात. वण वाढून यकृत कडक, गाठाळ झालं की त्याला सिरॉसिस म्हणतात. हे वण कोलॅजेनच्या धाग्यांचे असतात. कोल्चिसीन पेशींना कोलॅजेन बाहेर टाकू देत नाही, असं प्रयोगशाळेत दिसलं होतं.

मग मेक्सिकोत डेव्हिड केर्शेनोबिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून ५४ जणांना कोल्चिसीन दिलं, ४६ जणांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. १९८८ मध्ये निकाल छापून आला. पाच वर्षांनंतर कोल्चिसीनच्या गटात ७५ टक्के हयात होते, दुसऱ्या गटात ३४ टक्के. केवढा आनंद झाला असेल!

पण रुग्ण थोडे होते आणि बरेच जण मध्येच सुटले होते. म्हणून अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत दारूमुळे सिरॉसिस झालेल्या ५४९ जणांवर पुन्हा तपासणी झाली. २००५ मध्ये उत्तर आलं: कोल्चिसीन घेणारे ४९ टक्के दगावले, न घेणारे ४५ टक्के. औषधानं जीव वाचले नव्हते.

मैत्रिणींनो, झाडांत औषध नसतं असं मी म्हणत नाही. गाऊटवर तेच द्रव्य उपयोगी पडलं. पण 'अमक्याला गुण आला' एवढ्यावर भागत नाही. औषध न घेतलेल्यांचं काय झालं, तेही मोजावं लागतं. घरात कुणाचं पोट फुगलं, पाय सुजले, डोळे पिवळे झाले, तर झाडपाल्यात दिवस घालवू नका. दवाखान्यात न्या, आधी काही पाजलं असेल तर डॉक्टरांना न लपवता सांगा. दारू सोडवायला मदत मागा आणि बाळाला काविळीची लस जन्मताच टोचून घ्या.