कर्जव्यवस्थापन, कंपन्यांचे

मोठ्या कंपन्यांनी उभारलेल्या कर्जाची रक्कम, मुदत, चलन व व्याजदर यांचा त्यांच्या उत्पन्नाशी मेळ घालण्याच्या कार्यपद्धतीस कर्जव्यवस्थापन म्हणतात. व्याजदरांतील चढउतारांमुळे कंपनीस तोटा होण्याचा जो संभव असतो, त्यास व्याजदर-जोखीम अशी संज्ञा आहे. स्थिर दराने कर्ज घेतल्यास पुढे बाजारातील दर उतरले, तरी कंपनीस जुन्या चढ्या दरानेच व्याज द्यावे लागते. बदलत्या दराने घेतल्यास दर वाढताच तिच्यावरील भार वाढतो. उदा., बदलत्या दराच्या १०० कोटी रुपयांच्या कर्जावरील दर एका टक्क्याने वाढल्यास वार्षिक खर्च १ कोटी रुपयांनी वाढतो. याखेरीज अल्पमुदती कर्ज वारंवार नव्याने उभारावे लागत असल्याने, ऐनवेळी धनकोच न मिळण्याचा धोका त्यात असतो.

एकोणिसाव्या शतकात सर्वांत मोठी कर्जे रेल्वे कंपन्यांनी उभारली. रूळ, पूल व स्थानके ही मालमत्ता अनेक दशके उत्पन्न देणारी असल्याने तिच्यासाठीचे कर्जही दीर्घमुदती व स्थिर दराचे असे. अमेरिकेतील वेस्ट शोअर रेल्वेचे १८८६ मधील कर्जरोखे द. सा. द. शे. ४ दराचे व तब्बल ४७५ वर्षांच्या मुदतीचे होते. त्यांची परतफेड २३६१ मध्ये व्हावयाची होती आणि न्यूयॉर्क सेंट्रल या रेल्वे कंपनीने त्यांस हमी दिली होती. एवढ्या काळात पैशाचे मोल बदलेल, ही शंका तेव्हाच्या गुंतवणूकदारांस फारशी शिवली नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९६५ नंतर, अमेरिकेत चलनवाढीबरोबर दीर्घमुदती व्याजदरही चढू लागले. तेव्हा अनेक कंपन्या ‘कमर्शिअल पेपर’ या नावाच्या, नऊ महिन्यांच्या आत फेडावयाच्या विनातारण वचनचिठ्ठ्यांकडे वळल्या. न्यूयॉर्क सेंट्रल व पेनसिल्व्हेनिया या रेल्वे कंपन्यांच्या एकत्रीकरणातून १९६८ मध्ये निघालेली पेन सेंट्रल ही त्यांपैकीच एक होती. २१ जून १९७० रोजी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा तिच्या सु. ८ कोटी २० लाख डॉलरच्या वचनचिठ्ठ्या थकल्या. शतकानुशतकांची हमी देणाऱ्या कंपनीची वारसदार काही महिन्यांच्या कर्जापायी अडचणीत आली. तोट्यात चालणारी वाहतूक हे तिच्या पतनाचे मूळ कारण खरे. तथापि अल्पमुदती कर्जामुळे तिला सावरण्यास अवधी मिळाला नाही. यानंतर अशा चिठ्ठ्या काढणाऱ्या कंपन्या बँकांकडून राखीव पतपुरवठ्याची तरतूद करून ठेवू लागल्या.

ऑक्टोबर १९७९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेने पॉल व्होल्कर यांच्या अध्यक्षतेखाली चलनवाढ रोखण्यासाठी कठोर धोरण स्वीकारले. डिसेंबर १९८० मध्ये बँकांचा प्रमुख कर्जदर २१.५ टक्क्यांवर पोहोचला. या अस्थिरतेतून ‘स्वॅप’ अथवा अदलाबदल करार रूढ झाला. ऑगस्ट १९८१ मध्ये जागतिक बँक व आयबीएम यांनी सॉलोमन ब्रदर्स या संस्थेच्या मध्यस्थीने केलेला करार प्रसिद्ध आहे. त्यान्वये आयबीएमच्या स्विस फ्रँक व जर्मन मार्क यांतील कर्जाचे हप्ते जागतिक बँकेने, तर जागतिक बँकेचे डॉलरमधील हप्ते आयबीएमने देण्याचे ठरले. हा करार चलनांचा होता. पुढे एकाच चलनातील व्याजदरांचे करारही सर्वत्र होऊ लागले. अशा करारात मुद्दल हस्तांतरित होत नाही. एक पक्ष स्थिर दराने, तर दुसरा बदलत्या दराने व्याज देतो व केवळ फरकाची रक्कम चुकती होते.

या साधनाने जोखीम नाहीशी होत नाही; ती पत्करण्यास तयार असलेल्या दुसऱ्या पक्षाकडे जाते. व्याजखर्च कमी करण्याच्या हेतूने कंपनी स्वतःच अधिक जोखीम पत्करू लागल्यास संरक्षणाचे रूपांतर सट्ट्यात होते. प्रॉक्टर अँड गँबल या कंपनीने १९९३ मध्ये बँकर्स ट्रस्ट या बँकेशी असाच गुंतागुंतीचा करार केला. फेब्रुवारी १९९४ पासून अमेरिकेतील दर वाढू लागताच तो अंगलट आला. एप्रिलमध्ये कंपनीने अशा व्यवहारांत करपूर्व सु. १५ कोटी ७० लाख डॉलर तोटा झाल्याचे जाहीर केले. तिने बँकेविरुद्ध लावलेला दावा १९९६ मध्ये तडजोडीने मिटला.

भारतात दीर्घकाळ व्याजदर शासन व रिझर्व्ह बँक यांच्या नियंत्रणाखाली होते. मोठ्या उद्योगांना मुदतकर्जे मुख्यत्वे वित्तीय संस्थांकडून मिळत. त्यामुळे दरातील चढउतारांची चिंता कंपन्यांस फारशी नव्हती. ऑक्टोबर १९९४ मध्ये २ लाख रुपयांवरील बँककर्जांचे दर मुक्त झाले. १९९८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने ‘मायबॉर’ हा आंतरबँक संदर्भदर सुरू केला आणि जुलै १९९९ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्याजदरांच्या अदलाबदलीस परवानगी दिली.

मोठ्या कंपन्या सामान्यतः कर्जाच्या परतफेडीच्या तारखा वेगवेगळ्या वर्षांत विभागतात, स्थिर व बदलत्या दरांच्या कर्जांचे प्रमाण ठरवितात आणि त्याची मर्यादा संचालक मंडळाकडून मंजूर करून घेतात. पुढील दराचा अचूक अंदाज बांधणे हा या पद्धतीचा हेतू नसून, अंदाज चुकला तरी कंपनी टिकून राहावी, हा आहे. कंपनी बुडाल्यास धनकोंबरोबरच कामगार, निवृत्तिवेतनधारक व छोटे पुरवठादार यांनाही झळ पोहोचते. म्हणून या विषयास सामाजिक महत्त्वही आहे.