आज्ञा आणि सल्ला : रमाबाईंची आजीबाईंना पत्रे

पंडिता रमाबाईंचा पत्रसंग्रह मी प्रथम हाती घेतला तो त्यांच्या धर्मांतराची कारणे शोधण्यासाठी. मात्र वाचता वाचता दुसराच प्रश्न समोर आला : देवाला शरण गेलेल्या माणसाने देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसांना किती शरण जायचे?

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे रमाबाईंनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सेंट मेरी मठातील सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. पत्रांत रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. पुढच्या वर्षी त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. तिथे रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे, असा विचार पुढे आला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. यामुळे हिंदुस्थानात त्यांच्या कामाला बाधा येईल, असे त्यांचे म्हणणे होते.

रमाबाईंना याचे नवल वाटले. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी शास्त्र्यांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले होते. स्वतः रमाबाईंनी १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांची सभा जिंकली होती आणि १८८२ साली हंटर कमिशनपुढे साक्ष दिली होती. पुरुषांसमोर बोलण्याची परवानगी आता त्यांनी कोणाकडे मागायची?

मे १८८५ मध्ये त्यांनी जेराल्डीनला स्पष्टच कळवले. आशय असा : मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, पुरोहितवर्गाचे एक जोखड मोठ्या कष्टाने उतरवले आहे, आता पाद्री आणि बिशप यांचा प्रत्येक शब्द देवाची आज्ञा मानून दुसरे जोखड मानेवर घेणार नाही.

जेराल्डीनला यात अहंकार दिसला. तिच्यावर अन्याय करू नये. आज्ञापालन हे तिच्या मठजीवनाचे व्रत होते आणि तिच्या बाजूलाही शास्त्राधार होता. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल अधिकाऱ्यांच्या अधीन राहायला सांगतो. पण प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात पेत्र धर्मसभेपुढे उभा राहून म्हणतो, की माणसांपेक्षा देवाचे ऐकणे आम्हाला भाग आहे. एकाच ग्रंथातल्या या दोन वचनांमध्ये ‘आजीबाई’ आणि रमाबाई उभ्या होत्या.

माझ्या मते रमाबाईंनी सल्ला कधीच नाकारला नाही. जेराल्डीनला आणि प्राचार्या डोरोथिया बील यांना त्या आपल्या शंका पानेच्या पाने लिहून कळवतात, त्यांचे मुद्दे खोडतात, कधी मान्यही करतात. ज्याचे ऐकायचेच नाही त्याला कोणी इतके लिहीत नाही. त्यांचा विरोध होता तो सल्ल्याला आज्ञेचे रूप देण्याला. सल्ल्यामागे कारण लागते आणि ते तपासता येते. आज्ञेमागे पद असले की पुरते. देवाच्या आज्ञेचा मान त्यांना कोणत्याही पदाला द्यायचा नव्हता.

१८८६ साली रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केले. वाँटेजशी पत्रव्यवहार मात्र तुटला नाही. ही पत्रे जपली, लावून ठेवली ती जेराल्डीननेच. अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली ती ग्रंथरूपाने आली. जिचे म्हणणे रमाबाईंनी मानले नाही, तिनेच त्यांचे म्हणणे आपल्यापर्यंत पोहोचवले.