सूप की औषध? तैवानच्या पौष्टिक सूपची गोष्ट

गेल्या डिसेंबरात माझे एक जुने रुग्ण रक्ततपासणीचा रिपोर्ट घेऊन आले. वय बावन्न. हृदयाची एक झडप बदललेली, त्यामुळे वॉर्फरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी त्यांना कायमची चालू आहे. रक्त किती पातळ आहे हे 'आयएनआर' या तपासणीने कळते. त्यांचा आकडा एरवी ३ च्या आसपास असतो, तो या वेळी ५ च्या वर गेला होता. दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होते.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. नवीन गोळी? नाही. अँटिबायोटिक? नाही. अंगदुखीची गोळी, काढा, चूर्ण? काहीच नाही.

"सर, तीन आठवडे कंपनीच्या कामाला तैवानला होतो. औषध एकही घेतलं नाही. थंडी होती, म्हणून रोज रात्री सूप प्यायचो, एवढंच."

त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. मातीच्या भांड्यात काळपट रस्सा, त्यात बदकाचे तुकडे आणि सालींसारख्या दिसणाऱ्या वाळलेल्या मुळ्या. त्या मुळ्यांचे नाव दांग्गुई. वॉर्फरिनसोबत ही मुळी घेतल्यावर आयएनआर वाढल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. सूपमध्ये तांदळाची दारूही होती. सगळा दोष सूपलाच द्यावा असे मी म्हणणार नाही, पण दुसरे कारण सापडले नाही. गोळी दोन दिवस थांबवली, सूप तर थांबलेच होते, आणि आकडा जागेवर आला.

त्यांचे उत्तर मात्र माझ्या डोक्यात राहिले. औषध नाही, फक्त सूप. हे सूप अन्न आहे की औषध? तैवानमध्ये हा प्रश्नच पडत नाही आणि त्यामागे बराच मोठा इतिहास आहे. आज तो सांगतो, कारण आपल्या घरातल्या काढ्यांना आणि लाडवांनाही तो लागू पडतो.

ठिगळ लावणारे जेवण

तैवानमध्ये ७-८ नोव्हेंबरच्या सुमारास 'लीदोंग' हा दिवस येतो. जुन्या चिनी पंचांगाप्रमाणे तो हिवाळ्याचा पहिला दिवस. त्या दिवशी घरोघरी आणि खानावळींत पौष्टिक सूप खाल्ले जाते. या चालीला म्हणतात 'बू दोंग'. दोंग म्हणजे हिवाळा. 'बू' या शब्दाचा मूळ अर्थ फाटके कापड सांधणे, ठिगळ लावणे. ते चिनी अक्षर लिहितानाही त्यात कपड्याची खूण असते. वर्षभर राबून शरीर जिथे विरले, तिथे अन्नाने ठिगळ लावायचे, अशी ही कल्पना.

या सूपच्या खानावळी वेगळ्या ओळखू येतात. काही फक्त थंडीचे चार-सहा महिने उघड्या असतात. बुटकी स्टुले, कोळशाची शेगडी, तिच्यावर उकळते मातीचे भांडे आणि भोवती अख्खे कुटुंब. सर्वांत लोकप्रिय म्हणजे आले-बदकाचे सूप. जून आल्याचे जाड काप काळ्या तिळाच्या तेलात परततात, त्यात लाल तोंडाच्या मस्कोव्ही जातीच्या बदकाचे मांस घालतात आणि वर तांदळाची दारू ओततात. दुसरे बोकडाच्या मांसाचे. त्यासाठी दक्षिणेतले गांगशान हे गाव प्रसिद्ध आहे. तैपेईच्या राओह रात्रबाजारात, जो १९८७ मध्ये सुरू झाला, जडीबुटीत शिजवलेल्या डुकराच्या बरगड्यांचे सूप मिळते.

आणखी एक आहे 'सशेन थांग', म्हणजे चार देवांचे सूप. त्यातले मूळचे चार घटक पाहा: कमळाचे बी, आपल्या कोनफळाच्या कुळातला एक कंद, पाइन झाडाच्या मुळांवर वाढणारी एक बुरशी आणि मखाना. होय, आपण उपवासाला तुपात भाजतो तोच मखाना, फक्त लाही न करता शिजवलेला. हे सगळे तिथे डुकराच्या आतड्यासोबत उकळतात. तेच बी आपल्याकडे उपवासाला चालते आणि तिकडे मांसाहारी सूपमध्ये पडते!

दोन हजार वर्षांचा रस्सा

अन्नाने उपचार करणाऱ्या वैद्यांचा उल्लेख चीनमध्ये दोन हजार वर्षांहून जुना आहे. 'झोउ ली' या प्राचीन ग्रंथात राजदरबारातल्या वैद्यांचे चार प्रकार सांगितले आहेत: आहाराचे, रोगांचे, जखमांचे आणि जनावरांचे. आहाराच्या वैद्याचे नाव त्यात पहिले येते.

इसवी सन २०० च्या सुमारास झांग झोंगजिंग नावाचा मोठा वैद्य होऊन गेला. त्याच्या नावावर असलेल्या ग्रंथात एक कृती आहे, तिच्यात जिन्नस तीनच: दांग्गुई, आले आणि बोकडाचे किंवा मेंढीचे मांस. थंडीने पोटात येणाऱ्या कळा आणि बाळंतपणानंतरची पोटदुखी यांवर ते सूप द्यावे, असे तिथे म्हटले आहे. गांगशानच्या सूपचा हा पणजोबाच म्हणा. आणि माझ्या रुग्णाच्या भांड्यातली मुळीही तीच.

सातव्या शतकात सून सिमियाओ या वैद्याने आहारोपचारावर वेगळे प्रकरण लिहिले. त्याचे म्हणणे असे, की आधी अन्नाने बरे करून पाहावे, त्याने गुण नाही आला तरच औषधाकडे वळावे. पुढे १०७६ मध्ये सोंग राजवटीने राजधानीत सरकारी औषधालय काढले. अशा औषधालयांचे जे सूत्रपुस्तक झाले, त्यात दहा वनस्पतींचा एक बलवर्धक काढा आहे. तोच आज तैवानमध्ये हाडांसोबत वा बदकासोबत शिजतो. १३३० मध्ये मंगोल बादशहाच्या दरबारातला आहारतज्ज्ञ हू सिहुई याने आपला ग्रंथ सादर केला. त्यात मेंढीच्या मांसाची कितीतरी सूपे आहेत, आणि कोणते सूप कशासाठी, हेही लिहिले आहे.

थोडक्यात, स्वयंपाकघर आणि औषधाचे दुकान यांच्यामध्ये त्या परंपरेने कधी भिंत बांधलीच नाही.

बेटावरची गोष्ट

ही परंपरा तैवानला पोचली ती समुद्र ओलांडून आलेल्या शेतकऱ्यांबरोबर. सतराव्या-अठराव्या शतकात समोरच्या फुजियान प्रांतातून लोक येत राहिले. बेटावर मलेरिया होता, जंगल तोडून शेती करायची होती. मांस सणासुदीलाच मिळे. पीक घरात आले, कामाला उसंत मिळाली, की एखादे बदक वा कोंबडी मारायची आणि जडीबुटीच्या दुकानातून पुडी बांधून आणायची. वर्षातून मोजक्या वेळा मिळणारे ते मांस, ते तेल. अशा शरीराला 'बू' खरोखर लागू पडे, यात मला शंका नाही. प्रथिने कमी, चरबी कमी, अंगमेहनत अफाट. तिथे ठिगळाला जागा होती.

१८९५ ते १९४५ बेटावर जपानची सत्ता होती. जपान्यांनी पाश्चात्त्य वैद्यकाला चालना दिली. पारंपरिक वैद्यांची परवान्यासाठी परीक्षा १९०१ मध्ये एकदाच घेतली. नव्यांना परवाना मिळेना, त्यामुळे वैद्य कमी कमी होत गेले. पण जडीबुटीची दुकाने राहिली. तैपेईच्या दीहुआ रस्त्यावर आजही अशी दुकाने ओळीने आहेत. वैद्य विरळ झाले तरी पुडी घरात येत राहिली, आणि ती कशी शिजवायची हे आजीला ठाऊक होते.

दारूचा मक्ता सरकारने १९२२ मध्ये आपल्याकडे घेतला आणि तो पुढच्या सरकारनेही चालू ठेवला. तांदळाची सरकारी दारू ही सूपची सोबतीणच झाली. तिचे महत्त्व किती, ते २००२ मध्ये कळले. तैवान जागतिक व्यापार संघटनेत गेला, कर वाढला, आणि सुमारे २० तैवानी डॉलरला मिळणारी बाटली पुढे १८० वर गेली. आधी साठा करायला रांगा लागल्या, मग बनावट दारू आली. त्यात मिथेनॉल होते, लोक दगावले. शेवटी २०१० मध्ये सरकारला कर उतरवावा लागला.

पोट भरल्यावर

१९६० नंतर तैवानमध्ये कारखाने आले, शहरे वाढली, हातात पैसा आला. १९८० च्या दशकात आले-बदकाच्या सूपच्या खानावळी शहरोशहरी झाल्या. जे घरी वर्षातून दोनदा व्हायचे, ते आता कोणत्याही संध्याकाळी मिळू लागले. सूप तेच राहिले, पिणारे शरीर मात्र बदलले. आता ते खुर्चीवर बसते आणि रोज पोटभर जेवते.

डॉक्टर म्हणून मला या गोष्टी दिसतात:

युरिक अ‍ॅसिड. मांसातली प्युरिन नावाची द्रव्ये पाण्यात उतरतात. मांस तासन्‌तास उकळले की ती रश्श्यात साठतात, आणि दारू त्यात भर घालते. गाउट या सांध्यांच्या आजाराचे तैवानमधले प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. त्याला आनुवंशिकता आणि इतर कारणेही आहेत, पण गाउटच्या रुग्णाने असे सूप टाळलेलेच बरे.

दारू. उकळल्यावर दारू उडून जाते, हा समज अर्धाच खरा. अर्धा तास शिजवूनही सुमारे एक तृतीयांश उरू शकते. तैवानमध्ये वाहनचालकाच्या एक लिटर श्वासात ०.१५ मिलिग्रॅम अल्कोहोल सापडले तरी दंड होतो, त्यामुळे सूप पिऊन गाडी चालवू नका असे तिथे बजावतात. शिवाय तिथल्या जवळपास निम्म्या लोकांत दारू पचवणारे एक महत्त्वाचे एन्झाइम नीट काम करत नाही. त्यांचा चेहरा लाल होतो, अंग गरम वाटते. सूप 'लागू पडल्या'ची खूण म्हणून कुणाला ते आवडेलही. प्रत्यक्षात ती अ‍ॅसिटाल्डिहाइड साठल्याची खूण आहे आणि अशा लोकांनी नियमित दारू घेतली तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. बाळंतिणीला देतात त्या तीळतेल-कोंबडीच्या सूपमध्येही दारू असते, आणि ती आईच्या दुधात उतरते.

मूत्रपिंड आणि रक्तदाब. रश्श्यात मीठ असते, पोटॅशियम असते. मूत्रपिंड कमजोर असेल तर दोन्ही नकोत. दहा वनस्पतींच्या त्या काढ्यात आपल्या ज्येष्ठमधाचा भाऊबंद आहे. तो सतत घेतला तर रक्तदाब वाढतो आणि रक्तातले पोटॅशियम घटते.

'वनस्पती म्हणजे निर्धोक' हा समज. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या औषधात चुकीची चिनी वनस्पती पडली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्यातल्या अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिडमुळे कर्करोगही होतो. तैवानने अशा वनस्पतींची औषधे २००३ मध्ये बंद केली, पण तोवर खूप लोकांनी ती घेतलेली होती. खानावळीतल्या सूपमध्ये या वनस्पती नसतात. तरीही पुडीत काय आहे हे विचारायचेच नाही, ही सवय सगळीकडे सारखी आहे.

मग प्यावे की नाही?

प्रकृती धडधाकट असेल, तर कधीतरी अवश्य. थंडीत गरम रस्सा, मऊ मांस, सोबत माणसे, यात वाईट काही नाही. स्वतः चिनी वैद्यकही सरसकट 'बू' सांगत नाही. अंगात ताप असताना घेऊ नये, आणि ज्याला गरज नाही त्याने उगाच घेऊ नये, असेच जुने वैद्य सांगत आले. ठिगळ लावायला आधी कापड फाटलेले हवे.

पण तुम्ही वॉर्फरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी घेत असाल, गर्भवती असाल वा बाळाला अंगावर पाजत असाल, गाउट, मूत्रपिंडाचा वा यकृताचा विकार असेल, मधुमेह वा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर जडीबुटीचे किंवा दारूचे सूप आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. तैवानमध्ये आणि इथेही.

आणि एक विनंती. डॉक्टर "काही औषध घेता का?" असे विचारतात, तेव्हा गोळ्यांसोबत काढे, चूर्णे, डिंकाचे लाडू, प्रोटीन पावडर आणि सूपही सांगा. ते औषध आहे की अन्न, हे आपण नंतर ठरवू. माझे ते रुग्ण मार्चमध्ये पुन्हा तैवानला जाऊन आले. या वेळी त्यांनी टेबलावर बसण्याआधी भांड्याचा फोटो काढून मला पाठवला होता.