अन्नाची पेढी

पेढी म्हटली म्हणजे तिजोरी, खातेवही आणि व्याज हीं डोळ्यांपुढें येतात. परंतु जेथें ठेवणारा काढावयास कधीं येत नाहीं आणि काढणारानें कांहींच ठेवलेलें नसतें, अशीहि एक पेढी आहे. तिला ‘फूड बँक’ म्हणतात. आपण तिला अन्नपेढी म्हणूं. तिचा जन्म एखाद्या दुष्काळी मुलुखांत झाला नाहीं, तर धनधान्यानें भरलेल्या अमेरिकेंत झाला, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे.

ॲरिझोना संस्थानांतील फीनिक्स शहरीं जॉन व्हॅन हेंगेल नांवाचे गृहस्थ एका अन्नछत्रांत सेवा करीत असत. झाडांवर तशींच राहिलेलीं फळें गोळा करून छत्रास पोंचविणें हा त्यांचा परिपाठ होता. तेथें त्यांस दहा मुलांची एक आई भेटली. किराणा दुकानांमागें टाकून दिलेल्या जिनसांवर ती मुलांचीं पोटें भरी. वेष्टण फाटलें म्हणून फेकलेला तो माल पुष्कळदां उत्तम असे. पैशाप्रमाणें अन्नहि ठेवण्याकाढण्याची सोय असावी, ही कल्पना तिचीच, असें हेंगेल सांगत. सेंट मेरी चर्चनें ३,००० डॉलर व एक रिकामी इमारत दिली आणि १९६७ सालीं पेढी उघडली. पहिल्या वर्षीं सुमारें अडीच लक्ष पौंड अन्न ३६ संस्थांमार्फत वांटलें गेलें.

१९७६ च्या करकायद्यानें असा माल दान करणाऱ्या कंपन्यांस वाढीव वजावट दिली. फेकण्यापेक्षां देणें किफायतशीर ठरलें आणि पेढ्या शहरोशहरीं पसरल्या. ‘फीडिंग अमेरिका’ या त्यांच्या संघांत पुढें सुमारें २०० पेढ्या सामील झाल्या.

आतां, मदतीस येणारे हे लोक कोण? ते आळशी असावेत, ही समजूत चुकीची आहे. सरकारी अन्नसाहाय्य घेणाऱ्या कमावत्या प्रौढांपैकीं सुमारें ७० टक्के लोक पूर्ण वेळ काम करीत होते, असें अमेरिकी काँग्रेसच्या हिशेबतपासणी कचेरीनें २०२० सालीं दाखवून दिलें. हें साहाय्य महिनाअखेरपर्यंत पुरलें नाहीं, कीं पावलें पेढीकडे वळतात. मध्यवर्ती सरकारची २००९ सालीं लागू झालेली ताशी सव्वासात डॉलरची किमान मजुरी पंधरा वर्षांनंतरहि तीच होती. भाव मात्र थांबले नाहींत. घरभाडें कमी देतां येत नाहीं, औषध अर्धें घेऊन भागत नाहीं. कात्री चालते ती ताटावरच, आणि तीहि बहुधा आईच्या ताटावर प्रथम.

अन्नपेढीनें नासाडी टाळली आणि असंख्य घरांचा अडचणीचा आठवडा निभावला. तिचें हें श्रेय निर्विवाद आहे. परंतु आकस्मिक संकटासाठीं काढलेली सोय दर महिन्याची गरज होऊन बसली, हा तिच्या इतिहासाचा खरा धडा होय. दान पोटाची आग विझवूं शकतें. मजुरी आणि महागाई यांतील अंतर तें बुजवूं शकत नाहीं. तें काम कायद्याचें व मालकांचें आहे. दारापुढील रांग वर्षानुवर्षें वाढत जाणें ही इतर कोणत्याहि पेढीची भरभराट मानली जाईल. या पेढीच्या बाबतींत मात्र ती समाजाच्या दिवाळखोरीची निशाणी समजावी.