बायचा बी

आमच्या जुन्या घराच्या माजघरात दोन कणग्या होत्या. मोठीतलं भात घराने वर्षभर खायचं. धाकटीत बियाणं. मोठीत कुणीही हात घालावा, पण धाकटीचं तोंड शेणाने लिंपून बंद केलेलं असे आणि ते फोडायचा हक्क एकट्या आयचा होता.

आमचं गाव कल्याण-शीळ रस्त्यालगतचं, डोंबिवलीजवळच्या सत्तावीस गावांतलं. आम्ही आगरी, पावसावरचं भात हे आमचं मुख्य पीक. उन्हाळ्यात शेताच्या एका तुकड्यावर शेण, पातेरा आणि फांद्या पसरून राब भाजायचा, पहिल्या पावसात तिथे बी टाकायचं आणि रोप हातभर झालं की आवण उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावायची. नांगर बापाच्या हातात असे. राबाचं शेण-पातेरा डोक्यावरून वाहणं, आवणाच्या मुठी बांधणं, पाठीवर इरलं घेऊन दिवसभर ओणव्याने लावणी करणं, खळ्यावर पाखडणं हे सारं बायकांकडे. आय पहाटे घराबाहेर पडे ती दिवेलागणीला परते.

तरी तिचं सगळ्यात मोठं काम बियाण्याचं, असं मी मानते. झोडणीच्या आधी ती उभ्या पिकात फिरे, भरलेल्या, एकसारख्या लोंब्या निवडून वेगळ्या खुडी. ते भात वेगळं झोडून, कडक वाळवून, निरगुडीचा पाला घालून कणगीत भरी. ती म्हणे, "बी आपलाच पायजे. उसना बी पेरला त पीक सावकाराचा."

हे नुसतं बोलणं नव्हतं. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की लोक सावकाराकडून भात उचलत आणि कापणीनंतर मणाला सव्वा मण किंवा दीड मण परत करत. त्याला सवाई-दिढी म्हणत. एकदा बियाणं खाऊन संपलं की पुढच्या वर्षीचं खळंही गहाण पडे. उपाशी दिवसांतही आयने खाण्यासाठी धाकटी कणगी फोडली नाही. मुलांच्या पोटासाठी ती टाकळा, कुरडू खुडून आणी.

आमचं घर कुळाचं. १९४८च्या कूळकायद्यातल्या पुढच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. पण जमीन फुकट मिळाली नव्हती. कायद्याच्या कलम ३२-ग खाली तिची किंमत ठरे, शेतसाऱ्याच्या २० ते २०० पट, आणि जास्तीत जास्त १२ वार्षिक हप्त्यांत ती भरायची. आय १९६१ला या घरात आली तेव्हा हप्ते चालू होते. भातातून रोकड फारशी सुटत नसे.

रोकड आली डोंबिवलीतून. रेल्वे कल्याणला पोचली ती १८५४ साली, पण आमच्या बायकांसाठी तिचं खरं देणं म्हणजे नंतर डोंबिवली स्टेशनाभोवती वाढलेली नोकरदारांची वस्ती. भात निघाल्यावर त्याच ओलीवर आय वाल पेरी, विहिरीकाठी मुळा, माठ, दुधी लावी. आगोटीला रानातली शेवळं आणी. डोक्यावर पाटी घेऊन चालत स्टेशनापर्यंत जाई, फडक्यावर वाटे लावून बसे. उरलेली नाणी एका गाडग्यात, आणि गाडगं धाकट्या कणगीत, भाताखाली पुरलेलं. हप्ता भरायच्या दिवशी ते निघे. असं बियाणं आणि जमिनीची किंमत तिने एकाच जागी राखली.

शेवटचा हप्ता फिटला आणि कलम ३२-म चं खरेदीचं प्रमाणपत्र आजोबांच्या नावाने आलं. पुढे सातबाऱ्यावर बापाचं नाव लागलं. जमीन करणाऱ्याच्या रकान्यात दरवर्षी एकच शब्द: खुद्द. आयचं नाव उताऱ्यावर पहिल्यांदा चढलं ते १९९७ साली, बाप गेल्यावर, वारस म्हणून. त्याआधी, १९८६च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली आणि नवऱ्यांनी आपणहून बायकांच्या नावे जमीन करावी असं सांगितलं. आमच्या घरात तो विषय कुणी काढला नाही. मीही नाही. याचं मला आज वाईट वाटतं.

१९८३ला कल्याणची महापालिका झाली आणि आमची गावं तिच्यात गेली. ती २००२ला बाहेर पडली, २०१५ला पुन्हा आत आली. या ये-जा करण्यात खाचरं भरावाखाली गेली. आमची जमीन विकली तेव्हा कागदावर आयचाही अंगठा लागला. त्याच वर्षी ज्येष्ठात तिने धाकटी कणगी फोडली, बियाणं पोत्यात भरलं आणि मुरबाडकडे दिलेल्या आपल्या बहिणीकडे पाठवलं. बी आणखी वर्षभर पडून राहिलं तर नीट रुजत नाही, हे तिला ठाऊक होतं.

आयला बाय म्हणणाऱ्या त्या मावशीच्या सुना ते अजून पेरतात. गेल्या लावणीला मी तिथे गेले होते. बांधावर मुठी मोजताना धाकटी सून मोठीला म्हणाली, "खालच्या खाचरात बायचा बी लाव." आय जाऊन कित्येक पावसाळे झाले, त्या पोरीने तिला पाहिलंही नव्हतं. भाताच्या त्या वाणाला तिथे दुसरं नाव नाही.